हंगामाआधीचा संघ

गणपती पाण्यात गेले की आमच्या मलकापुरात पावसाचा जोर ओसरतो. ओसरतो, थांबत नाही. आंब्याकडून येणारे धुके दहा वाजेपर्यंत बाजारपेठेत रेंगाळत असते, शिवारात भात पोटरीला आलेले असते, आणि एसटी स्थानकाजवळच्या एका चहाच्या टपरीवर आम्ही चार-पाच माणसे फुटबॉलचा संघ निवडत बसलेलो असतो. हा संघ आमच्या गावचा नाही. तो आहे येथून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या कोल्हापुरातल्या एका तालमीचा. तो निवडण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिलेला नाही, आमची निवड कोणी विचारत नाही, आणि आमच्यापैकी एकानेही शाळेच्या पटांगणापलीकडे कधी चेंडूला पाय लावलेला नाही. तरीही दरवर्षी भाद्रपद सरता सरता हे काम आम्ही अत्यंत गांभीर्याने हाती घेतो. एक निवृत्त एसटी वाहक, एक झेरॉक्सचे दुकान चालवणारे गृहस्थ, तालुक्याच्या कचेरीतले एक लिपिक, एक भाताचे व्यापारी आणि महाविद्यालयात मराठी शिकवणारा मी, अशी ही निवड समिती आहे.

ज्या वाचकांना कोल्हापूरचे फुटबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. या शहरात फुटबॉल खेळतात ते क्लब नावाला क्लब. त्यांतले बहुतेक मुळात तालमी आणि तरुण मंडळे आहेत. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही तालमींची नावे. शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ ही मंडळांची. प्रॅक्टिस क्लबसारखे इंग्रजी नाव धारण करणारा संघही मनाने पेठेचाच. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली केएसए, या संघांची साखळी स्पर्धा भरवते. वरिष्ठ गटात सोळा संघ असतात आणि सामने शाहू स्टेडियमवर होतात. हिवाळ्याच्या तोंडावर हंगाम सुरू होतो, आणि वळवाचे पाऊस पडेपर्यंत एकामागून एक स्पर्धा चालू राहतात. एरवी शांतपणे पेढीवर बसणारी माणसे त्या दिवसांत हलगीच्या तालावर नाचताना दिसतात. कोल्हापूरकर या साऱ्याला एकच शब्द वापरतो : ईर्षा. प्रमाण मराठीत या शब्दाला मत्सराचा वास आहे; कोल्हापुरात तो पोटातली आग सांगतो. ती आग कधी मैदानाबाहेर दगडफेकीपर्यंत गेलेली आहे, हेही येथे लपवण्याचे कारण नाही.

आमची तालीम कोणती ते मात्र मी सांगणार नाही. सांगितले तर कोल्हापूरचे निम्मे वाचक येथेच उठून जातील. आणि दुसरे, अधिक खरे कारण पुढे येईलच. पेठेतली निष्ठा माणसाला कुलदैवतासारखी नात्याने मिळते. वाहकांची ती सासुरवाडीची पेठ, व्यापाऱ्यांच्या आत्याचे घर तेथे, लिपिक आयटीआयच्या दोन वर्षांत तेथे खोली करून राहिलेले. माझे आजोळ त्या पेठेत.

आता या निवडीविषयी. पावसाळ्यात मोठे सामने नसतात. मैदानात चिखल असतो, खेळाडू कामधंद्याला लागलेले असतात. कोणी शिरोलीच्या फौंड्रीत, कोणी दुकानात, कोणी कोठे शिकत. मग केव्हातरी बातमी येते की सराव सुरू झाला. ही बातमी पूर्वी एसटीने येत असे, आता भ्रमणध्वनीवर येते. पण तिचे स्वरूप बदललेले नाही. कोण किती फेऱ्या मारतो, कोणाचे पोट सुटले, कोण दोन दिवस आला आणि तिसऱ्या दिवशी दिसला नाही, कोणाला दुसऱ्या तालमीने गाठले. खेळाडू नोंदणीचे दिवस जवळ येऊ लागले की या चर्चेला धार चढते, कारण एकदा नोंदणी झाली की शंकेला जागा उरत नाही.

“पोरगं पळतंय बघा घोड्यागत,” झेरॉक्सवाले भ्रमणध्वनीच्या पडद्यावरचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण दाखवत म्हणतात.

“पळतंय खरं. पन बॉल पायात आला की गडबडतंय,” वाहक म्हणतात. त्यांनी ते चित्रण नीट पाहिलेलेही नसते.

“अहो, आत्ता कुठं सराव चालू झालाय.”

“सरावात न्हाई आलं ते मॅचमदी कुठनं येनार?”

वाद तीनच, आणि ते सनातन आहेत. पहिला, जुना खेळाडू ठेवायचा की नव्याला संधी द्यायची. दुसरा, पेठेतली पोरे खेळवायची की बाहेरची आणायची. या ‘बाहेरच्यां’मध्ये पूर्वी शेजारच्या पेठेतला मुलगाही मोडत असे, आणि गेल्या काही वर्षांत आफ्रिकेतून आलेले खेळाडूही कोल्हापूरच्या संघांतून खेळले आहेत. तिसरा वाद गोलकीपरचा. त्याच्याविषयी कोणाचेच कधी समाधान होत नाही. शेवटी वाहक खिशातून पेन काढतात आणि एखाद्या कोऱ्या पाठीच्या कागदावर अकरा नावे लिहितात. ती यादी आठवडाभर त्यांच्या खिशात राहते, घामाने मऊ होते, तिच्यावर खाडाखोड होते.

साहित्याच्या माणसाला या यादीचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. हंगाम सुरू झाला की संघ हरतो किंवा जिंकतो. निकाल लागतो, आणि निकालानंतर बोलायला फारशी अक्कल लागत नाही. हंगामाआधीचा संघ अजून कशालाच बांधलेला नसतो. त्यात एकतिशीचा बॅक पुन्हा बाविशीचा होऊ शकतो, बुजरा पोरगा पहिल्याच सामन्यात दोन गोल करू शकतो. पुरावा जवळजवळ नसतो. जे असते ते स्मरण, ऐकीव माहिती आणि आशा. वर्गात एखाद्या कवीच्या पहिल्या संग्रहावरून त्याच्या पुढच्या वाटचालीविषयी आपण जे ठामपणे बोलतो, त्याचा आधार याहून फार निराळा नसतो, असे मला अनेकदा वाटले आहे.

‘तालीम’ या शब्दाने मला पुष्कळ दिवस गुंतवून ठेवले होते. अरबीतील ‘इल्म’ म्हणजे ज्ञान. त्याच धातूपासून ‘तअलीम’, म्हणजे शिकवणे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत येताना हा शब्द लाल मातीत उतरला, आणि त्याच वेळी नाटकाच्या मांडवातही शिरला. पैलवान घुमतो ती तालीम, आणि नट संहिता हातात घेऊन उभे राहतात तीही तालीम. प्रयोगाच्या आदल्या दिवशीची ती रंगीत तालीम. कोल्हापुरात हे दोन अर्थ अक्षरशः पाठीला पाठ लावून उभे आहेत. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान झाले, आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत भस्मसात झाले तेव्हा त्या आगीची झळ कुस्तीच्या मैदानाकडील व्यासपीठालाही लागली. आमच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी फुटबॉलचा विषय निघाला नाही. वाहक एवढेच म्हणाले, “तालमीचीच जागा जळाली की.” त्यांना कोणता अर्थ अभिप्रेत होता हे मी विचारले नाही.

तालीम ही खऱ्या खेळाच्या आधीची गोष्ट, असे आपण धरून चालतो. ते तितके खरे नसावे. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त मेलबर्नला आहे. तेथे ऑस्ट्रेलियन रूल्स नावाचे फुटबॉल खेळतात. चेंडू लांबट, मैदान लंबवर्तुळाकार, एका बाजूला अठरा खेळाडू. त्यांचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस संपतो. पण नोव्हेंबर-डिसेंबरपासून, म्हणजे तेथल्या ऐन उन्हाळ्यात, सराव सुरू झाला की लोकल गाडीत शेजारी बसलेली माणसे कोण किती पळाला, कोणाची मांडी आखडली, कोणत्या नव्या पोराला पहिल्या सामन्यात घ्यावे, यावर तासन्‌तास बोलत असतात, असे तो सांगतो. “सर, तुमची टपरी इथंही आहे,” असे त्याने एकदा कळवले. त्या खेळाचा उगम वाचताना मला गंमत वाटली. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले की हिवाळ्यात क्रिकेटपटूंची शरीरे जड होऊ नयेत म्हणून फुटबॉलचा एखादा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी, मे १८५९ मध्ये, मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी त्याचे नियम लिहून काढले. म्हणजे लक्षावधी लोक आज ज्यासाठी जीव टाकतात तो खेळ आरंभी दुसऱ्या एका खेळाची तालीम होता. आमच्याकडे कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. तालीम केव्हा संपते आणि खेळ केव्हा सुरू होतो, याची रेघ आखणे दोन्हीकडे कठीण आहे.

हे सारे मी इतक्या विस्ताराने लिहितो आहे, कारण मला जे सांगायचे आहे ते सांगण्याची तयारी होत नाही. ही माझीही तालीमच म्हणा.

१९९५ साली दहावी झाल्यावर मी अकरावीसाठी कोल्हापूरला मामांकडे राहायला गेलो. मामांचा थोरला मुलगा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादा म्हणत असू. तो तालमीच्या संघात स्टॉपर होता. दहा-अकरा वर्षे त्याच जागेवर खेळलेला. दिवसा फौंड्रीत काम, संध्याकाळी मैदान, तेथून गंगावेशीला उभ्या उभ्या धारोष्ण दुधाचा पेला, आणि मग घर. घरात तो फार बोलत नसे. मैदानात मात्र त्याचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू येई; समोरच्यांनी कोठे उभे राहावे हे तो ओरडून सांगत असे, आणि लोक म्हणत की दादा स्वतः निम्मा आणि उरलेले दहा मिळून निम्मे खेळतात.

तालमीशेजारी एक दगडी कट्टा होता. संध्याकाळी तेथे जी मंडळी बसत, त्यांच्यात बसण्याचा एक अलिखित क्रम होता. मी रोज तेथे जाई, आणि वर्षभर मी तेथे उभा होतो. मला सारे ‘मलकापूरचा पावना’ म्हणत. हे म्हणण्यात वाईट काही नव्हते. चहा आला तर मलाही मिळे. पण बोलण्यात मला वाटा नव्हता. मी एखादे नाव सुचवले तर बोलणारा क्षणभर थांबे आणि मी बोललोच नाही अशा रीतीने पुढचे वाक्य सुरू करी. सतरा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट किती लागते, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल.

१९९६ च्या दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. सराव सुरू झाला होता आणि कट्ट्यावर संघ निवडला जात होता. स्टॉपरच्या जागेसाठी एक एकोणीस वर्षांचा उंच मुलगा चांगला तयार झाला होता. दादाचे काय, हा प्रश्न दोन दिवस नुसता घुटमळत होता. कोणी तो सरळ विचारत नव्हते. तिसऱ्या दिवशी ज्यांना सगळे अण्णा म्हणत ते वयस्कर गृहस्थ माझ्याकडे वळले. वर्षभरात प्रथमच त्यांनी मला नीट पाहिले असावे.

“काय रे, तू घरातलाच की. दादाचा गुडघा कसा हाय?”

घरात हा विषय बंद होता. रात्री जेवणे झाली की मामी तव्यावर मीठ भाजत, जुन्या धोतराच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधत, आणि दादा खालच्या खोलीत दार लावून अर्धा तास शेक घेई. ही गोष्ट आम्हां चौघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. “बाहेर बोलायचं न्हाई,” एवढे दादाने मला एकदाच सांगितले होते, तेही हसत.

मी मिठाचे सांगितले नाही. तेवढे इमान राखल्याचे समाधान मी पुष्कळ वर्षे बाळगले. मी म्हणालो, “चालताना काही वाटत नाही. पण जिना उतरताना भिंत धरतो.”

कट्ट्यावर कोणी काही बोलले नाही. अण्णांनी मान हलवली. मग कडेला बसलेला एकजण थोडा सरकला आणि म्हणाला, “बस की रे. उभा का?”

मी बसलो.

आज विचार करताना त्या वाक्याचा मला जो अभिमान वाटला होता त्याचीच अधिक लाज वाटते. ते वाक्य चांगले होते. त्यात नेमके निरीक्षण होते. ‘गुडघा दुखतो’ असे ढोबळ विधान न करता मी एक दृश्य दिले होते, आणि ऐकणाऱ्यांना निष्कर्ष काढायला मोकळे सोडले होते. पुढे वर्गात ललित गद्य शिकवताना मी विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो : विधान करू नका, बारकावा द्या. माझा पहिला बारकावा हा असा खर्ची पडला.

नोंदणीच्या यादीत दादाचे नाव होते. पहिल्या सामन्याच्या अकरा जणांत नव्हते, राखीव खेळाडूंतही नव्हते. त्या हंगामात तो मैदानात उतरला नाही, आणि पुढच्या हंगामाआधी त्याने नाव दिलेच नाही. हे माझ्या वाक्यामुळे झाले असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. प्रशिक्षकांना डोळे होते. एकतीस वर्षांच्या स्टॉपरचा गुडघा सरावात किती दिवस लपणार? पण कट्ट्यावरचे बोलणे तालमीच्या आत जायला एका भिंतीचेच अंतर होते, आणि मी बोललो त्यानंतर आठच दिवसांनी संघ लागला. त्या रात्री मामीने सवयीने तवा चुलीवर ठेवला तेव्हा दादा म्हणाला, “नको आता.” मामीने तवा उतरवला. मी ताटावर मान खाली घालून जेवत होतो. दादा मला म्हणाला, “नवं पोरगं चांगलं हाय. बघायला ये परवा.” आम्ही दोघे तो सामना पायऱ्यांवर बसून पाहिला. दादा ओरडून त्या पोराला जागा सांगत होता.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ माझ्या अपराधभावनेचा नाही. मी खोटे बोललो नव्हतो. संघाचे हित पाहिले तर मी योग्यच माहिती दिली होती, असेही कोणी म्हणेल. परंतु ती माहिती मला चाहता म्हणून मिळालेली नव्हती. ती मला घरातला म्हणून मिळालेली होती. मैदानावर जे दिसते त्यावर बोलण्याचा अधिकार पायरीवर बसलेल्या प्रत्येकाला आहे. जिन्यावर जे दिसते त्यावर कोणाला आहे? लेखकाची पत्रे, आजार आणि घरातली भांडणे हाताशी घेऊन आपण जेव्हा त्याच्या पुस्तकाचा निवाडा करतो तेव्हाही हाच प्रश्न असतो, आणि तो आपण सहसा टाळतो. शिवाय मी संघासाठी बोललोच नव्हतो. त्या संध्याकाळी कट्ट्यावर दोन निवडी झाल्या : एका माणसाची जागा गेली, आणि एका मुलाला बसायला जागा मिळाली. बाहेरची पोरे घ्यावीत की नाही हा वाद टपरीवर निघतो तेव्हा मी अजूनही गप्प बसतो. बाहेरून येऊन पेठेतला होण्यासाठी काय द्यावे लागते याचा एक दाखला माझ्यापाशी आहे, आणि तो देण्यासारखा नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. भारतीय संघात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा होता. कोजागरी नुकतीच झाली होती आणि दादा आमच्याकडे मलकापूरला आला होता. ६ ऑक्टोबरच्या रात्री दिल्लीतला अमेरिकेविरुद्धचा सामना आम्ही दूरदर्शन संचासमोर मांडी घालून पाहिला. म्हणजे मी मांडी घालून, दादा पाय लांब करून. आपण तीन गोलांनी हरलो. दादाला हरण्याचे फार वाईट वाटलेले दिसले नाही. “कोल्हापूरचं पोरगं वर्ल्डकपात पळालं,” असे तो दोन-तीनदा म्हणाला. त्याच्या त्या आनंदात मला धीर आला असावा. एकवीस वर्षांपूर्वी कट्ट्यावर काय झाले ते मी त्याला सांगितले.

तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. तेथे जाहिराती चालू होत्या.

“ठाऊक हाय मला,” तो म्हणाला. “अण्णांनीच सांगितलं होतं, त्याच आठवड्यात. खरं तेच बोललास की तू. गुडघा गेलाच होता.” मग थोड्या वेळाने, “पन मला एक मॅच पाहिजे होती. एकच. शेवटची हाय म्हनून खेळलो असतो.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. त्याने विषय बदलून, भारताने डाव्या बाजूला दुसरा मुलगा घ्यायला हवा होता असे सांगायला सुरुवात केली, आणि बारा वाजेपर्यंत आम्ही तो संघ पुन्हा निवडला.

येथे हे लेखन संपवता आले असते. पण या वर्षी एक गोष्ट घडली आहे. माझ्या वर्गात द्वितीय वर्षाला शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीवरचा मुलगा आहे. पहाटेच्या गाडीने तो कोल्हापूरला सरावाला जातो; बूट पिशवीच्या बंदाला बाहेर लटकावलेले असतात. आमच्याच तालमीने त्याला बोलावले आहे. गेल्या महिन्यात तास चुकल्याचे कारण विचारले तेव्हा त्याने मोजा खाली करून घोटा दाखवला. संध्याकाळी सुजतो म्हणाला. “सर, कुणाला सांगू नका.” मी त्याला डॉक्टरकडे जायला सांगितले. “दिवाळीनंतर बघतो सर,” तो म्हणाला. दिवाळीपर्यंत नोंदणी होऊन जाते हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही.

टपरीवर त्याचे नाव आले. वाहकांचे डोळे लकाकले : मलकापूरच्या बाजूचा मुलगा पेठेच्या संघात! दहा नावे लिहून झाली होती.

“सर, तुमच्या वर्गातलंच पोरगं की. तयारी कशी हाय त्याची?”

दादाच्या वेळी बोललो ते चुकले, म्हणून आज गप्प बसणे बरोबर ठरते असे नाही. हा एकतिशीतला स्टॉपर नव्हे. एकोणीस वर्षांचा घोटा आहे, आणि तो कायमचा बिघडला तर माझ्या मौनाचाही त्यात वाटा राहील. दुसऱ्या बाजूने, त्या पोराला कदाचित हा एकच हंगाम मिळायचा आहे. या दोहोंत काय श्रेयस्कर ते मला अजून ठरवता आलेले नाही. मी पुन्हा एकदा त्याच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांशी बोलणार आहे. ते बोलण्याची जागा घर आहे, एवढे मात्र आता मला कळते.

“मला खेळातलं काय कळतंय?” मी म्हणालो. “मैदानात बघा की.”

वाहकांनी पेन वर धरले. “मग लिहू का?”

“लिहा,” मी म्हणालो. बाहेर पुन्हा पावसाची सर आली होती, आणि झेरॉक्सवाले गोलकीपरविषयी बोलू लागले होते.